सरकी कुणाची?

मला कुणी उद्योजक म्हटलं की आमच्या जिनिंगमधले हमाल गालातल्या गालात हसतात. त्यांच्या लेखी मी फिटरचा नातू. आजोबा यवतमाळच्या एका प्रेसमध्ये बॉयलर आणि जिन सांभाळायचे, वडील एका सहकारी जिनिंग सोसायटीत कारकून होते, आणि मी पांढरकवडा रस्त्यावरची एक बंद शेड भाड्यानं घेऊन जिन चालवायला लागलो. हल्ली जिल्ह्यातली कॉलेजं मला बोलावतात. विषय ठरलेला असतो: नवे उद्योग, जोखीम, उद्याचं तंत्रज्ञान. पोरं विचारतात, "काका, पुढं काय येणार?" मी त्यांना मागं काय काय येऊन गेलं ते सांगतो. त्यांना ते फारसं आवडत नाही. पण यवतमाळच्या कापसात गेल्या दीडशे वर्षांत इतकी नवी यंत्रं, इतकी नवी बियाणी आणि इतके नवे कायदे आले आहेत की नवेपणाचं कौतुक आम्हाला कुणी शिकवायला नको. फसलं तर बुडणार कोण, हे मात्र दरवेळी विचारायचं राहून गेलं.

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या हातात आला. आपला जिल्हा पुढं वणीच्या नावानं ओळखला जाऊ लागला; १९०५ च्या फेररचनेत तो यवतमाळ झाला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथला कापूस अडकला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि वऱ्हाडातल्या कापसाचे भाव चढले. चार वर्षांनी युद्ध संपलं आणि भाव कोसळले. पण इंग्रजांना वऱ्हाड दिसला होता तो कायमचा. रिव्हेट-कार्नॅक नावाचा अधिकारी मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी खास कॉटन कमिशनर म्हणून नेमला गेला. १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावच्या रेल्वेच्या उद्घाटनाला आला. आमचा जिल्हा लोहमार्गापासून आड होता. यवतमाळचा कापूस २९ मैलांवरच्या धामणगाव स्टेशनापर्यंत बैलगाडीनं जायचा.

यंत्र यायच्या आधी कापूस आणि सरकी वेगळी कोण करायचं? घरातल्या बाया. दोन रूळ, एक लाकडी आणि एक लोखंडी, बाजूला फिरवायचा दांडा. याला रेचा म्हणत. बोंडातला कापूस रुळांच्या फटीला लावायचा, रुई पलीकडे ओढली जायची, सरकी अलीकडे पडायची. दिवसभर बसलं तर जेमतेम दोन-अडीच किलो रुई. काम कंटाळवाणं आणि मजुरी नसलेलं. म्हणून ते गेलं याचं दुःख करणाऱ्यांतला मी नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या: सरकी घरात राहायची. बाई वेचतानाच चांगल्या झाडाची बोंडं बाजूला ठेवायची, त्यांची सरकी मडक्यात जायची आणि जूनमध्ये तीच शेतात. उरलेली बैलाच्या पुढ्यात. आजही काही गावांत पहिल्या वेचणीआधी सीतादही करतात, सात दगड मांडून त्यांना दहीभात दाखवतात. त्या पूजेत झाडाची ओटी भरली जाते. पुढच्या वर्षाचं बी त्याच झाडातून येणार, हे तेव्हा गृहीत होतं.

मग जिन आलं. अमेरिकेत एली व्हिटनीनं १७९४ मध्ये ज्याचं पेटंट घेतलं ते करवतीच्या दातांचं जिन इंग्रजांनी हिंदुस्थानात आणून पाहिलं होतं. धारवाडकडे अमेरिकन जातीच्या कापसावर ते चाललं. आमच्या आखूड देशी धाग्याचे ते तुकडे करायचं. इथं रुजलं ते मॅकार्थीचं रूळवालं जिन, म्हणजे तत्त्वानं आमच्या रेच्याचाच इंजिनावर चालणारा मोठा भाऊ. ओल्डहॅमची प्लॅट ब्रदर्स कंपनी ती बनवायची. त्याच्या रुळावर वॉलरस या उत्तर ध्रुवाकडच्या प्राण्याचं कातडं वापरत. आजोबांना ही गोष्ट शेवटपर्यंत खरी वाटली नाही. "बर्फातलं जनावर वऱ्हाडात कायले येते, बाप्पा!" म्हणायचे.

आमच्या शेडमध्ये आज डबल रोलर जिन आहेत. एकदा जवळ उभं राहून बघा. चामड्याच्या गोल चकत्या दाबून केलेले दोन रूळ एकमेकांकडे फिरतात, त्यांच्या अंगावर नागमोडी खाचा असतात. प्रत्येक रुळाला एक स्थिर पातं घट्ट टेकलेलं असतं. मधोमध एक हलणारं पातं वरखाली ठोकत राहतं. रूळ धागा धरून पात्याखालून ओढतो, सरकी अडकते आणि मधलं पातं तिला टोला मारून खाली पाडतं. खाचा बुजल्या की रूळ नुसता घासतो, तापतो आणि करपल्या चामड्याचा वास येतो. चांगला फिटर यंत्राकडे न बघता, दारातूनच, कोणतं जिन बिघडलंय ते सांगतो. क्विंटलभर कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते. १७० किलोच्या एका गठाणीला पाच क्विंटलच्या आसपास कापूस लागतो. आमचा सगळा धंदा या उताऱ्यावर. अर्धा टक्का इकडे की नफा, तिकडे की तोटा.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत वऱ्हाडात जिनिंग-प्रेसिंगच्या चिमण्या उभ्या राहिल्या. बाईची मेहनत वाचली, गठाणी मुंबईला जाऊ लागल्या, शेतकऱ्याला रोख पैसा दिसला. आणि सरकी फॅक्टरीत राहिली. एकाच जिनखाली दहा गावांचा, दहा जातींचा कापूस. खाली एकच ढीग. पुढच्या हंगामात शेतकरी त्याच ढिगातून बियाणं उचलून न्यायचा. शेती खात्याचे जुने अधिकारी वैतागून लिहीत की वऱ्हाडातली सुबक लांब धाग्याची बनी बुडाली ती या मिसळीनं. त्यात उताऱ्याचा हिशेब होताच. बनीचा धागा सुंदर, पण रुई कमी. रोझियमसारख्या जाती आखूड आणि खरबरीत, पण उतारा ४० टक्क्यांच्या घरात. गिऱ्हाईक जपान, त्याला आखूड चालायचा. मग खात्यानंच रोझियमचं बी वाटलं. शेतकऱ्यानं जाडाभरडा कापूस लावला, हे आडमुठेपण नव्हतं. बाजार धाग्याच्या लांबीला पैसे देत नव्हता, वजनाला देत होता.

आता त्या काळच्या उद्योजकांच्या धाडसाबद्दल. माझ्या जातभाईंना आवडणार नाही, तरी सांगतो. वऱ्हाडात आणि खानदेशात इतक्या फॅक्टऱ्या झाल्या की सगळ्यांना पुरेल एवढा कापूसच नव्हता. तेव्हा मालकांनी 'पूल' केले. दर एकत्र ठरवायचा, नफा वाटून घ्यायचा. काही फॅक्टऱ्या वर्षानुवर्षं बंद राहून पुलातला हिस्सा घ्यायच्या, आणि काही तर तेवढ्यासाठीच बांधल्या गेल्या. १९१७ साली नेमलेल्या इंडियन कॉटन कमिटीनं आणि पुढं शेतीच्या रॉयल कमिशननंही यावर बोट ठेवलं. यंत्र नवं, इमारत पक्की आणि चिमणी थंड. शेतकरी जिनिंगचा जो चढा दर भरायचा त्यात त्या थंड चिमणीचंही भाडं होतं.

'शकुंतला' आम्हा यवतमाळकरांची लाडकी. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटरची नॅरोगेज. किलिक निक्सनच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीनं ती बांधली. कंपनी स्थापन झाली १९१० मध्ये. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत तिच्यापुढं धावत होतं. देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या, ही राहून गेली. सरकारी रेल्वे गाडी चालवायची आणि मालक कंपनीला मोबदला द्यायची. लोक तिच्यावर हळवं लिहितात. माझं म्हणणं रुक्ष आहे: तो मार्ग टाकताना कंपनीनं फार मोठी उडी घेतली नव्हती. यवतमाळचा कापूस स्टेशनापर्यंत जातो हे आमच्या बैलांनी आधीच कित्येक वर्षं सिद्ध करून दाखवलं होतं. आणि पुढची सत्तर-ऐंशी वर्षं कंपनीला त्या मार्गावर नवं काही करावं लागलं नाही. ज्याला बुडण्याची भीती नाही तो इंजिन कशाला बदलेल?

याच्या उलट माणूस बघायचा तर नागपूरला जावं लागतं. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू केली, मुंबई सोडून, कापसाच्या दारात. सुरुवातीला घेतलेली यंत्रं स्वस्त निघाली, चालेनात. ती त्यांनी काढली आणि चांगली आणली. पुढं लँकेशायर जुन्या म्यूल चात्यांना चिकटून असताना एम्प्रेसनं रिंग चाती लावून पाहिली आणि ती पसरवली. बेझनजी मेहतांसारखा व्यवस्थापक तिथं होता. मी पोरांना सांगतो, जोखीम हा शब्द वापरायचा असेल तर इथं वापरा.

सरकारनंही मधून मधून चांगली कामं केली. नियंत्रित बाजाराचा देशातला पहिला प्रयोग आमच्या शेजारच्या कारंज्यात, १८८६ मध्ये. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्यानं प्रत्येक प्रेसला खूण दिली आणि प्रत्येक गठाणीवर ती खूण आणि क्रमांक छापायला लावला, म्हणजे कुणी ओला किंवा मिसळीचा माल बांधला तर मुंबईत तो कुठला ते कळावं. आजोबांच्या हाताला त्या खुणेची काळी शाई कायम लागलेली. आज 'कस्तुरी कॉटन भारत' या ब्रँडच्या गठाणीवर क्यूआर कोड लागतो, त्यामागे ब्लॉकचेन आहे असं सांगतात. लागू द्या, चांगलंच आहे. फक्त ही कल्पना शंभर वर्षांची म्हातारी आहे एवढं ती आणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. आणि शाईच्या काळात जी अडचण होती ती आजही आहे: गठाणीचा माग प्रेसपर्यंत लागतो, बांधापर्यंत लागत नाही; कारण पाच क्विंटल कापसातून होणाऱ्या एका गठाणीत दोन-तीन शेतकऱ्यांचा कापूस असतो.

१९७२ मध्ये एकाधिकार कापूस खरेदी योजना आली. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, आमच्या पुसदजवळच्या गहुलीचे. शेतकऱ्यानं कापूस सरकारलाच विकायचा, खासगी खरेदी बंद. ही योजना वाईट होती असं सरसकट म्हणायला मी तयार नाही. या जिल्ह्याच्या इतिहासात पहिल्यांदा भाव पडण्याची जोखीम शेतकऱ्याच्या खांद्यावरून कुणीतरी उचलली. पण केंद्रावर गाड्यांच्या रांगा लागायच्या, ग्रेडरच्या एका नजरेवर वर्षाचा हिशेब ठरायचा आणि चुकारे लांबायचे. पलीकडे पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद; भाव तिकडं चढला की रात्रीतून कापूस पाटणबोरीच्या वाटेनं निघायचा. पकडापकडी, नाके, सगळं झालं.

जिनिंगवाल्यांचं काय झालं ते कमी लिहिलं गेलंय. आम्ही मजुरीवरचे झालो. कापूस सरकारचा, रुई सरकारची, सरकी सरकारची; आम्हाला क्विंटलमागे दर. रुई स्वच्छ काढली काय आणि घाण काढली काय, दर तोच. मग नवं जिन कोण आणणार? शेडखाली मातीची जमीन, कापूस पायाखाली, टोपल्यांनी वाहतूक. त्यात सुतळीचे धागे, केस, पुढं पुढं गुटख्याच्या पुड्या. दाक्षिणात्य गिरण्या महाराष्ट्राच्या गठाणीला नाक मुरडायच्या. तीस वर्षं आमचा धंदा आहे तिथं उभा राहिला. पुलाच्या काळात नफा पक्का होता म्हणून यंत्र सुस्तावलं, एकाधिकारात दर पक्का होता म्हणून. दोन्हीकडे मालक आम्हीच होतो, सबबी तेवढ्या बदलल्या.

२००० मध्ये केंद्रानं कापूस तंत्रज्ञान मोहीम आणली, २००२ च्या सुमारास एकाधिकार मोडला. जिनिंग सुधारायला अनुदान मिळू लागलं. नागपूरच्या बजाज स्टीलसारख्या कारखान्यांची जिन आज आफ्रिकेत जातात. सिरकॉट या कापूस संशोधन संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र १९८५ पासून नागपुरातच आहे. सगळं दारात होतं, आम्ही उठलो उशिरा. मी वडिलांची जमीन गहाण टाकली. फरशी काँक्रीटची केली, पट्ट्यावरून कापूस जिनपर्यंत नेला. जोखीम म्हणजे काय ते एका दुपारी कळलं. कापसात आलेली गारगोटी पात्यावर आदळली, ठिणगी उडाली. ढीग विझला; आम्ही सुटलो म्हणून चहा केला. तिसऱ्या दिवशी बांधून ठेवलेली एक गठाण आतून धुमसताना सापडली. कापूस आतल्या आत जळतो, बाहेरून कळत नाही. तेव्हापासून आग लागलेल्या दिवसाच्या गठाणी आम्ही उघड्यावर, लांब लांब ठेवतो.

आणि बियाणं. १९७० मध्ये सुरतेला डॉ. सी. टी. पटेलांनी एच-४ हा संकरित कापूस दिला, जगातला पहिला व्यापारी संकर. आमच्याकडे पुढं नांदेडचा एनएचएच-४४ गाजला. संकरित म्हणजे दरवर्षी नवं बियाणं विकत. म्हणजे रेच्यापासून सुटलेली सरकी आता पूर्णच परकी झाली. मार्च २००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाली. सुरुवातीला ४५० ग्रॅमची पिशवी १६०० रुपयांच्या पुढं. २००६ मध्ये आंध्रानं एमआरटीपी आयोगाकडे भांडून भाव ७५० वर आणायला लावला. जिनवर उभ्या माणसाला बीटीचा फायदा पहिल्या वर्षांत डोळ्यांनी दिसला. कवडी, म्हणजे किडका कापूस, कमी झाली, रुई पांढरी निघायला लागली, फवारे घटले. ज्यांना तेव्हा बीटी हवं होतं त्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. शरद जोशींच्या संघटनेनं बियाण्याच्या स्वातंत्र्याची बाजू घेतली ती काही उगीच नव्हे.

पण बीटीच्या पिशवीबरोबर एक छोटी पुडी असायची, १२० ग्रॅमची, बिनाबीटी बियाण्याची. ती कडेनं लावायची, म्हणजे अळीला बीटी नसलेलं झाड मिळतं आणि तिची प्रतिकारशक्ती लवकर तयार होत नाही. शेतकऱ्यांनी पुड्या फेकल्या. कृषी सेवा केंद्राच्या उकिरड्यावर मी त्या पाहिल्यात. शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे. पण दोन एकरवाल्यानं आपल्या जमिनीचा तुकडा अळीला खायला सोडावा, तेही सगळ्या तालुक्याच्या भल्यासाठी, आणि त्याची भरपाई कुणी देऊ नये? कंपनीनं ती पुडी घालून आपली जबाबदारी संपवली होती. तंत्र टिकवायचा खर्च पुन्हा बांधावर ढकलला गेला.

गुलाबी बोंडअळी परत आली. तिच्या फैलावात आमचाही वाटा आहे. अळी सरकीत झोपते आणि जिनिंगच्या आवारातून पतंग होऊन शेजारच्या शेतात जाते, म्हणून आता आमच्या आवारात कामगंध सापळे लावतात. फरदड, म्हणजे हंगामानंतरही उभं ठेवलेलं तेच पीक, मार्चपर्यंत ठेवली की तिला बारमाही खाणं. २०१७ च्या पावसाळ्यात पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली, फवारणी वाढली, औषधांची मिसळ झाली आणि या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं विषबाधेनं गेली, शेकडो दवाखान्यांत दाखल झाली. त्यांत रोजंदारीवर पंप पाठीवर घेणारे बरेच होते. बियाणं ठरवताना, औषध ठरवताना, भाव ठरवताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

२० मार्च २०१४ ला नरेंद्र मोदी आर्णी तालुक्यातल्या दाभडीत आले होते, शेतापासून धागा, धाग्यापासून कापड, फॅशन आणि परदेश अशी पाच पायऱ्यांची शिडी त्यांनी सांगितली. यवतमाळात रेमंडचा डेनिमचा कारखाना आहे. म्हणजे शिडीच्या काही पायऱ्या इथं आधीच होत्या. बाकीच्या अजून व्हायच्यात. २०२५ मध्ये भारतीय कापूस महामंडळानं, म्हणजे सीसीआयनं, कपास किसान ॲप आणलं, हमीभाव लांब धाग्याला ८११० रुपये. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं गेलं. मोबाइलवर नोंदणी करायला शिकलेला शेतकरी ब्राझीलच्या कापसाशी भिडायला मात्र एकटाच उभा राहिला.

आता पोरांच्या प्रश्नाकडे येतो. पुढं येणार आहे सघन लागवड आणि वेचणी यंत्र. येणारच, कारण किलोला दहा-बारा रुपये देऊनही वेचायला बाया मिळत नाहीत, आणि ज्या वर्षानुवर्षं कंबर वाकवून वेचत आल्या त्यांनी हे काम सोडलं तर मला आनंदच आहे. पण यंत्र बोंडाबरोबर पानं, काड्या, नख्या सगळंच ओढतं. तो कापूस आमच्या डबल रोलरला झेपत नाही. आधी सफाईची यंत्रं बसवावी लागतील, त्यात रुईची घट होईल, आणि बाजारसमितीत हर्रासाच्या वेळी व्यापारी त्या घटीची कट्टी शेतकऱ्याच्या वजनातून कापेल. मी या बाजारात वाढलोय, मला ते आत्ताच दिसतंय. म्हणून यंत्र घेऊन यवतमाळात येणाऱ्या कंपन्यांना माझं सांगणं आहे: पहिले तीन हंगाम एकरी भाडं घेऊ नका. यंत्रानं वेचलेल्या कापसातून जी स्वच्छ रुई निघेल तिच्या उताऱ्यावर तुमचं भाडं ठरवा, आणि घट आली तर निम्मी तुमची धरा. निम्मी जिनिंगवाल्याची. करारावर सही करणारा पहिला जिनिंगवाला मी असेन. माझी शेड पांढरकवडा रस्त्यावर आहे, नोव्हेंबरपासून रात्रंदिवस उघडी असते.